तोंड गोड करायच्या दिवसांत

दिवाळी उरकली की आमच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. एकामागं दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारे वाढ्याचे हिरवे शेंडे, आणि चालकाच्या डोक्यावर टपाला बांधलेल्या कर्ण्यातून सगळ्या गल्लीला ऐकू येणारं गाणं. बिद्रीच्या साखर कारखान्याकडं जाणारी ट्रॉली चढावर थांबली की मागची वाहनं हॉर्न वाजवत राहतात, आणि कुणीतरी तेवढ्यात एक ऊस ओढून काढतो. यंदाही हे सगळं वेळेवर सुरू झालं. वसुधा खिडकीशी उभी होती. "लागला वाटतं हंगाम," म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

ती आवाजासाठी लावली नव्हती. शहराच्या कडेला अजून काही गुऱ्हाळं चालतात. वारा फिरला की उकळत्या रसाचा वास घरात येतो. आधी हिरवा, कच्चा, मग जड, आणि शेवटी गूळ उतरायच्या वेळी जरा करपलेला. कोल्हापूरच्या माणसाला हा वास सुखाचा वाटतो. आम्हालाही वाटायचा.

वसुधा माझी पत्नी. ती लहान मुलांच्या आनुवंशिक आजारांची डॉक्टर आहे. माझी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. दुसऱ्यांच्या बातम्यांतली विशेषणं कापणं हे माझं काम होतं. तिच्या कामाबद्दल मी कधी ओळ लिहिली नाही. तिनं लिहू दिली नसती, आणि त्या कामात बातमी व्हावी असं फारसं घडतही नसे. मूल येई, तपासलं जाई, आजाराला नाव मिळे किंवा मिळत नसे, आणि माणसं एसटीनं परत जात. येत्या संक्रांतीनंतर ती दवाखाना बंद करते आहे, म्हणून हे लिहितो. नावं बदलली आहेत. गाव सांगत नाही, गारगोटीच्या वाटेवर कुठंतरी आहे एवढं पुरे.

ती शिकून परत आली तेव्हा इथं या विषयाचं दुसरं कुणी नव्हतं. पाटीवर काय लिहिलंय ते लोकांना वाचता येई, पण कळत नसे. एकदा चौकातल्या रिक्षावाल्याला एका प्रवाशानं विचारलं, "ह्या मॅडम नेमकं कशाच्या डॉक्टर?" त्यानं क्षणभर विचार केला आणि सांगितलं, "ज्या पोरांचं कुनालाच काय कळंना, त्येंच्या." मी डेस्कवर असतो तर या वाक्यातला एक शब्दही बदलला नसता.

त्या पोरांना घेऊन माणसं येत. कबनूरचे यंत्रमागावरचे कामगार येत. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं ते दवाखान्यातही मोठ्यानंच बोलत. सीमेकडचे व्यापारी येत, मुलाशी कानडी आणि डॉक्टरशी मराठी बोलणारे. शिरोळकडची जैन शेतकरी कुटुंबं येत, आजी-आजोबांसह, डबे घेऊन. वसुधा कोरा कागद पुढं घेई आणि घराणं काढायला बसे. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आतून काळा. नवरा-बायको आधीपासून एकमेकांच्या नात्यातले असतील तर त्यांच्यामध्ये एका रेघेऐवजी दोन रेघा.

"लग्न नात्यात झालंय का?" असं ती पहिल्या वर्षी विचारत असे.

"न्हाय वो. नात्यात कशाला करतोय?"

"बरं. सासूबाई तुमच्या लग्नाआधी कोण लागत होत्या?"

"आत्ती की!"

मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, काही घरांत सख्ख्या बहिणीची मुलगीसुद्धा. हक्काच्या माणसांना इथं कुणी नात्यातलं म्हणत नाही. वसुधानं पुढं तो पहिला प्रश्न सोडून दिला आणि थेट सासूबाईंपासून सुरुवात करू लागली. दुसरी रेघ काढताना तिनं कधी कुणाला बोल लावला नाही. नात्यात लग्न करूनही धडधाकट मुलं झालेली घरं याच जिल्ह्यात पुष्कळ आहेत, हे तिला माहीत होतं. आणि समोर बसलेल्या बाईला त्या घरांचा काही उपयोग नसतो, हेही.

शेवटी ती एक वाक्य बोले. "यात तुमचं काही चुकलं नाही." प्रत्येक आईला, कागद मिटताना. पूर्वी ते वाक्य ती आईकडं बघून म्हणत असे. अलीकडं ती ते कागदाकडं बघत म्हणू लागली होती. मी तिला न्यायला जाई, तेव्हा दाराबाहेर ते ऐकू येई आणि मला कळे की आता आवरलं. तिच्याकडं दोन प्रकारचे दिवस असत. आजाराचं नाव सापडलेले आणि न सापडलेले. दोन्ही दिवसांच्या शेवटी औषध नसे. जेवताना मी विचारी, "आज काय?" ती म्हणे, "काही नाही." हे उत्तर बहुतेक वेळा खरं होतं.

मग तो हंगाम आला.

सारिका तिच्या मुलीला घेऊन आली ते मार्गशीर्षातले दिवस होते. मुलगी स्वरा, अजून वर्षाची व्हायची होती. पोट फुगलेलं, डोळे पिवळट, सारखी उलटी आणि मध्येच दिवसभराची गुंगी. सारिकाबरोबर तिची सासू होती, तीच तिची सख्खी आत्या. गाव तिला आक्का म्हणे. मोठ्या हाडाची, मोठ्या आवाजाची बाई. तिच्या घरचं गुऱ्हाळ होतं. नवरा, म्हणजे आप्पा, स्वतः गुळव्या. काहिलीच्या मोठ्या कढईतला पाक कधी उतरवायचा हे त्या टापूत त्यांच्याइतकं नेमकं कुणाला कळत नाही, असं आक्कानंच सांगितलं.

या घरात आधी एक मूल गेलं होतं. स्वराचा थोरला भाऊ. असाच पिवळा पडला, असाच पोटानं फुगला, आणि चालायला लागायच्या आत गेला. कागदावर कावीळ लिहिलं होतं. आता ही. डॉक्टर झाले, दवाखाने झाले. सलाईन लावलं की मुलगी हसायची, घरी नेली की आठवड्यात पुन्हा तेच. गावानं आपला निष्कर्ष काढला होता. दवाखान्यात बरी आणि घरात आजारी, म्हणजे घरालाच काहीतरी झालंय. कुणी दाराचं तोंड बदलायला सांगितलं होतं.

वसुधानं घराणं काढलं, दोन रेघा काढल्या. मग विचारलं, "खाते काय?"

"खाती कुठं? गुळव्याच्या घरात जल्मली आन् गूळ बगितला की तोंड फिरवती," आक्का म्हणाली. "काकवीचं बोट लावाय गेलं की ओठ असं आवळती, जनू इखच दितोय आमी! सांगू कुनाला हे? लोक हसत्यात."

वसुधानं पेन खाली ठेवलं. सहसा ती लिहिता लिहिता ऐकते.

"पावसाळ्यात कशी होती?"

"गुटगुटीत," सारिका म्हणाली. "माझ्या दुदावर हुती. दसऱ्याला उष्टावन केलं, आन् तवापास्नं..."

"आणि गुऱ्हाळ कधी लागलं?"

"त्याच महिन्यात की," आक्का म्हणाली. तिला या प्रश्नाचं नवल वाटलं.

त्या रात्री वसुधा जेवताना आपणहून बोलली. असा एक आजार असतो, ती म्हणाली, ज्यात उसातली, फळांतली, मधातली साखर यकृताला पेलत नाही. ती पुढं सरकत नाही, तिथंच अडकते आणि यकृतच खायला लागते. आईच्या दुधात ती साखर नसते. सलाईनमधली साखर वेगळी असते, ती चालते. मुलाला शब्द फुटायच्या आधी हे कळतं, ते तोंड मिटून घेतं. "एवढंच औषध आहे," ती म्हणाली. "गोड द्यायचं नाही. बास. मूल मोठं होतं, शाळेत जातं, म्हातारं होतं." तिच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच वर्षांनी हुरूप बघितला. लगेच तो उतरला. "पण घरात गुऱ्हाळ आहे," ती म्हणाली.

रक्त मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेलं. अहवालाला वेळ लागणार होता. तोवर थांबायचं कारण नव्हतं. मुलीला वॉर्डात दाखल केलं, ती सुधारली, आणि घरी सोडताना वसुधानं सगळ्यांना बसवून सांगितलं. गूळ नाही, साखर नाही, मध नाही, फळ नाही, गोड पातळ औषध नाही. दूध, भात, भाकरी, तूप, अंडं चालेल.

"मटन?" आप्पांनी विचारलं.

"मटण चालेल. अळणी रस्सा द्या."

"मग काय काळजी न्हाय! पोरगी कोल्हापूरचीच हाय!" आप्पा म्हणाले, आणि त्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

मी वसुधाला न्यायला आलो होतो. जिन्यात सारिकानं तिला गाठलं. पोर खांद्यावर झोपलेली. सारिका हळू बोलत होती, पण जिना अरुंद होता.

"मॅडम, थोरल्याला बी हेच हुतं न्हवं?"

वसुधा म्हणाली, "बहुतेक."

"त्येला कावीळ झाली तवा आत्तीनं रोज उसाचा रस पाजला. घाण्यावरचा ताजा. कावीळीला रसच देत्यात की समदी. डॉक्टर बी चालतोय म्हनला हुता." तिनं मुलीची टोपी सारखी केली. "येक मागनं हाय. हे आत्तीला कळू दिऊ नका. नुसती सासू असती तर मी काय बी बोलली नसती. पर ती माझी आत्ती हाय. बारकी असताना मला तिनंच न्हाऊ-माखू घातलंय."

वसुधानं मान डोलावली. गाडीत बसल्यावर तिनं पट्टा लावला. मग म्हणाली, "हे आश्वासन मी द्यायला नको होतं."

पंधरवडा गेला असेल. स्वरा पुन्हा आली, पहिल्यापेक्षा वाईट. यावेळी वसुधानं आवाज चढवला. तिचा चढलेला आवाज वॉर्डातल्या जुन्या नर्सनीही ऐकला नव्हता.

"गूळ दिलात?"

"आईशप्पत न्हाय!" आक्का तेवढ्याच जोरानं म्हणाली. "गुळाचा खडा न्हाय, साखरंचा कन न्हाय. माझ्या हातनं मी काढून टाकलंय समदं."

"मग काय दिलंत?"

"डोळं जरा पिवळं दिसलं म्हनून वाटीभर रस दिला. तुमी गूळ न्हाय म्हनलासा. रस म्हंजी गूळ न्हवं की, मॅडम!"

यात खोटेपणा नव्हता. गुऱ्हाळाच्या माणसाला रस आणि गूळ या दोन निराळ्या वस्तू आहेत. मध्ये आप्पांचं सगळं कसब आहे, दिवसभराची आग आहे. रस शेतातून येतो, गूळ माणूस करतो. गूळ हा व्यापार आणि रस हे औषध. वसुधानं गूळ बंद केला होता. औषध बंद करायला तिनं सांगितलं नव्हतं. शहरातल्या कुठल्या डॉक्टरच्या हे ध्यानात आलं असतं, मला माहीत नाही.

मुलगी वाचली. थोडक्यात वाचली, हे वसुधानं मला सांगितलं, त्यांना नाही. ती घरी गेली त्या रविवारी वसुधा म्हणाली, "अहो, गाडी काढा. जाऊन येऊ."

नदीच्या बाजूला, उसाच्या मधोमध गुऱ्हाळ होतं. घाण्याचा आवाज, रसावर घोंघावणाऱ्या माश्या, रस निघालेल्या उसाच्या वाळत घातलेल्या चिपाडाचे ढीग. चुलवाणात जाळ घालणारा माणूस चेहरा वळवून चिपाड आत लोटत होता. काहिलीवरची वाफ उन्हात पांढरी दिसत होती आणि तिच्यातून आप्पा मधूनच दिसत, मधूनच नाहीसे होत. आम्ही पोचताच त्यांनी उसाची सोललेली कांडी पाकात बुडवून आमच्यापुढं धरली. "पावणं, घ्या. तोंड गोड केल्याबिगर हितनं कोन जात न्हाय."

मी घेतली. वसुधानंही घेतली, आणि खाता खाता आक्काला म्हणाली, "चला, मला सगळं दाखवा."

घाण्यापाशी ती थांबली. "हा रस. हा तिला नाही." काहिलीवर वर आलेली मळी काढत होते. "हेही नाही." पाकापाशी, "हे नाही." काकवीच्या डब्यापाशी, "हे नाही." गार करायच्या वाफ्यात ओतलेल्या कोवळ्या गुळापाशी, "हे नाही." उसाच्या मोळीपाशी, "चोखायलासुद्धा नाही." आक्का मागून येत होती. आधी ती हसत होती, मग हसायची थांबली.

"आमच्या घरात एवडं न्हाय म्हंजी मग ऱ्हायलं काय वो, मॅडम?"

"तुमच्यासाठी सगळं राहिलं. तिच्यासाठी नाही."

"आन् परत कावीळ दिसली तर?"

"माझ्याकडं आणायचं."

"तवर रस..."

"आक्का," वसुधा म्हणाली. मला वाटतं ती फार थकली होती, आणि थकलेलं माणूस सरळ बोलतं. "तिला कावीळ रसानंच होते."

ती "तिला" म्हणाली होती. तो शब्द मी स्पष्ट ऐकला. पण वाक्य एकदा बाहेर पडलं की ते कुणाकुणाला लागू होतं, हे बोलणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आक्कानं सारिकाकडं बघितलं. सारिका मुलीच्या टोपीची नाडी बांधत होती. नाडी बांधून झाली होती, तरी बांधत होती. तेवढ्यात आप्पा ओरडले, "उतरा!", चार माणसांनी काहील कलती केली आणि सोनेरी पाक वाफ्यात पसरला. सगळे तिकडं बघू लागले. आक्का बघत नव्हती. ती हौदापाशी गेली, हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, आणि परत येऊन सारिकाच्या कडेवरून मुलगी काढून घेतली.

"कळलं," एवढंच म्हणाली.

काय कळलं, हे आम्ही विचारलं नाही. परतीच्या वाटेवर वसुधानं गाडीची काच वर केली.

मग तो हंगाम पुढं सरकला. तोवर मला गोडाचे दिवस कधी मोजावे लागले नव्हते. त्या वर्षी लक्षात आलं की हा आख्खा काळ म्हणजे एकामागून एक तोंडात काहीतरी घालायची निमित्तं आहेत. लग्नसराई, बारशी, संक्रांत, यात्रा, शिमगा. कडेवर पोर दिसली की इथल्या माणसाचं बोट आपोआप ताटाकडं जातं. ते प्रेमच असतं, म्हणून अडवायला अवघड. आक्का अडवायची. स्वराला ती दुसऱ्या कुणाच्या हातात देईना. एका लग्नात पेढा घेऊन पुढं आलेल्या विहीणबाईंचा हात तिनं हवेतच धरला.

"लईच मोठी झाली वो तुमची नात! आमचा पेडा चालंना?"

"न्हाय चालत. तुमीच खावा. तुमच्या तोंडाला गरज हाय."

हे सारिकानं सांगितलं तेव्हा वसुधा खुर्चीत मागं टेकून हसली होती.

संक्रांतीला स्वराचं बोरन्हाण झालं. बोरं नाहीत, उसाचे तुकडे नाहीत, हलवा नाही. आक्कानं चुरमुरे आणि भुईमुगाच्या शेंगा ओतल्या. बायका कुजबुजल्या की हे कसलं बोरन्हाण. मुलगी मात्र चुरमुरे उडवत खिदळत होती. मोबाईलवरचा तो फोटो वसुधानं मला दाखवला आणि फोन बंद करून पुन्हा उघडून बघितला.

अहवाल शिमग्याच्या सुमारास आला. शंका खरी निघाली. आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, वसुधा ते समजावून सांगू लागली. आक्कानं हात आडवा केला. "नाव ऱ्हाऊंदे, मॅडम. आमी वळकतो त्येला."

त्या दिवशीही वसुधानं कागद मिटताना ते नेहमीचं वाक्य म्हटलं. यात तुमचं काही चुकलं नाही. सारिकाला म्हटलं. आक्का शेजारीच बसली होती.

त्या वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. तिच्या बहुतेक पेशंटांच्या बाबतीत ते तंतोतंत खरं असतं. दोघांच्या रक्तात काहीतरी असतं, दोघांनाही ठाऊक नसतं, ते मुलात एकत्र येतं. कुणाचा हात त्यात नसतो. या घरात मात्र आजाराला हात लागला होता, आणि तो मायेचा होता. चूक म्हणावी तर गावातल्या कुठल्याही शहाण्या बाईनं तेच केलं असतं. चूक नाही म्हणावं तर वाटी कुणीतरी धरलीच होती. डेस्कवर अशा बातमीला मथळा देता येत नाही. आतल्या पानावर जाते.

वसुधानं एक उत्तर तयार ठेवलं होतं. आक्का कधीतरी विचारेल, माझ्या नातवाला मीच का, आणि मग काय सांगायचं. तिनं ते माझ्यापुढं दोन-तीनदा म्हणूनही बघितलं. डॉक्टरांनाच कळलं नव्हतं तर तुम्हाला कसं कळणार. रस दिला नसता तरी बाकीच्या गोडानं तेच झालं असतं. दोन्ही खरं होतं. "पण ऐकताना खोटं वाटतं," ती म्हणायची. आक्का दर हंगामात स्वराला तपासायला आणायची. वजन, उंची, यकृत. वसुधा उत्तर घेऊन बसलेली असे. आक्का गुळाच्या दराचे, पावसाचे, गुळव्यांच्या तंट्यांचे विषय काढायची आणि उठायची. प्रश्न कधी आला नाही.

मधल्या वर्षांत वसुधाची बाकीची पोरं येत राहिली. काही वाढली, बरीच गेली. कबनूरच्या एका घरातली दोन्ही मुलं एका पावसाळ्यात गेली, आणि त्यांचा बाप मागावरून तसाच, कपड्यांना कापूस चिकटलेला, दवाखान्यात येऊन नुसता बसून राहिला. त्याला चहा द्यायचा, की ते वाक्य म्हणायचं, हे तिला सुचेना. तिनं चहा दिला. त्यानंतर कधीतरी तिनं ठरवलं असावं की आता पुरे. पाटी पुढं कोण लावणार हा प्रश्न आहे. तिनं दोघा-तिघांना विचारलं. तरुण डॉक्टर नम्रपणे ऐकून घेतात आणि पुण्याला जातात. तिचा त्यांच्यावर राग नाही. रागाला लागते तेवढी ताकद आता तिच्यात नाही.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा त्या गुऱ्हाळावर गेलो. स्वराची या वर्षीची तपासणी बाकी होती. वसुधा म्हणाली, बोलवायला नको, आपणच जाऊ, शेवटची आहे.

घाणा तोच, आवाज तोच. आप्पा आता खुर्चीत बसून ओरडतात. स्वरा दुसरीत आहे. काटक, बडबडी. शाळेत दातांचं शिबिर झालं, तिथल्या डॉक्टरनं सगळ्या वर्गाला तिचं तोंड उघडून दाखवलं म्हणे, दात असे पाहिजेत. "मी तोंड मिटतच नव्हतो," ती कोल्हापूरच्या पोरींच्या थाटात म्हणाली. वसुधानं चिपाडाच्या ढिगाशेजारी खाटेवर निजवून तिचं पोट दाबून बघितलं. सारं ठीक होतं. पोर उठून पळाली.

सारिकानं चहा आणला. मी घोट घेतला आणि थांबलो. बिनसाखरेचा होता. गुळाच्या घरात.

"अगं बाई, साखर..." सारिका जीभ चावत उठली. "आत्तीचा कप तुमाला गेला वाटतं."

"डायबेटिस आहे का, आक्का?" वसुधानं विचारलं.

"मला? काय बी न्हाय." आक्का काहिलीकडं बघत होती. "पोरगी खात न्हाय, म्हनून मी बी सोडलं. त्याच साली."

सारिका साखर आणायला आत गेली होती. आक्कानं ती गेल्याची खात्री करून घेतली.

"थोरल्याला बी आवडत न्हवतं," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीसारखा मोठा नव्हता. "रसाची वाटी नेली की असंच ओठ आवळायचा. मान फिरवायचा. मीच धरलं त्येचं तोंड."

घाणा चालू होता. वसुधाचं उत्तर तयार होतं, कितीतरी हंगाम तयार होतं. तिनं तोंड उघडलं.

"मी इचारत न्हाय तुमास्नी," आक्का म्हणाली. "इचारलं तर तुमी न्हाय म्हनशीला. म्हनूनच कवा इचारलं न्हाय. आन् सारीला वाटतंय मला ठाव न्हाय. तिला तसंच वाटूंदे."

वसुधानं तोंड मिटलं. माझ्या हातातला कप तिनं काढून घेतला आणि तो बिनसाखरेचा चहा शेवटपर्यंत प्याली.

निघताना स्वरा धावत आली. दोन्ही हातांत उसाच्या पानावर कोवळा, गरम गूळ. "पावणं, तोंड गोड केल्याबिगर जायचं न्हाय!" आप्पांचाच सूर, आप्पांचाच ठसका. वसुधानं वाकून त्यातला तुकडा घेतला, मी घेतला. पोरीनं पान टाकलं आणि बोटं फाकवून, अंगापासून लांब धरून, वळली. कुणाला सांगावं लागलं नाही. आक्का तांब्या घेऊन उभीच होती. तिनं पाणी ओतलं, एकेक बोट धरून चोळलं, नखांच्या कडा बघितल्या, पुन्हा पाणी ओतलं, आणि पदरानं हात कोरडे केले.